नवग्रह की नवगृह?

प्रश्न असा आहे: ‘नवग्रह’ लिहावं की ‘नवगृह’? आणि सूर्य, चंद्र, राहू, केतू हे ग्रहच नाहीत, तर ‘नवग्रह’ म्हणणं चूक नाही का?

‘नवगृह’ चूकच. पूजेच्या पत्रिकांवर ते इतक्यांदा छापलेलं दिसतं की संताप येतो. ‘गृह’सुद्धा ‘ग्रह्’ धातूवरूनच साधतात, पण म्हणून शब्दांची अदलाबदल करता येत नाही.

दुसऱ्या शंकेचं मूळ ‘ग्रह म्हणजे भटकणारा तारा’ या समजुतीत आहे. तो अर्थ ‘प्लॅनेट’च्या ग्रीक मुळाचा. तो आपल्या शब्दावर लादणारे कितीही मोठे अभ्यासक असोत, ते साफ चुकतात. ग्रह् म्हणजे धरणं, पकडणं. ग्रहण, आग्रह, पाणिग्रहण, एखाद्याविषयी वाईट ग्रह करून घेणं, सगळीकडे पकड आहेच. ‘शतपथ ब्राह्मण’ या वैदिक ग्रंथात तर तळपणाऱ्या सूर्यालाच ग्रह म्हटलंय, कारण त्याने सगळ्या प्रजेला धरलेलं आहे. राहू त्या सूर्याला धरतो. मग हे दोघे ग्रह कसे नाहीत?

याचा सगळ्यात देखणा पुरावा चीनमध्ये आहे. तांग राजवटीच्या काळात राजधानी चांगआनच्या राजज्योतिष कचेरीचा प्रमुख होता गौतम सिद्ध, भारतीय वंशाचा. त्याचं घराणं पिढ्यान् पिढ्या तिथेच नांदत होतं. त्याने जुने चिनी ज्योतिर्ग्रंथ वेचून 120 खंडांचा ‘काययुआन झानजिंग’ सिद्ध केला. शी शेन आणि गान द या प्राचीन चिनी ज्योतिर्विदांच्या नावावरच्या नक्षत्रनोंदी मुख्यतः त्यातल्या उताऱ्यांमुळेच टिकल्या. आकाश अंड्यासारखं आणि पृथ्वी आतल्या बलकासारखी, हे चिनी ज्योतिर्विद झांग हंगच्या नावावरचं ‘हुनत्यान’ मताचं वर्णनही त्यात आहे. ते वाचून ‘ब्रह्मांड’ आठवतंच, पण तेवढ्यावरून कुणी कुणाकडून उचललं हे ठरवू नये.

याच ग्रंथात 718 साली भाषांतरित केलेलं भारतीय पंचांग आहे, ‘ज्यूझी ली’. ज्यू म्हणजे नऊ, झी म्हणजे पकडणं, ली म्हणजे पंचांग. चिनीत सूर्य, चंद्र आणि पाच ग्रहांसाठी ‘सात तेजोगोल’ असा शब्द तयार होता. तो वाढवून ‘नऊ तेजोगोल’ करणं सहज शक्य होतं, आणि पुढे तसं झालंही. इथे मात्र ‘झी’ आला. माझं ठाम मत आहे की हा निव्वळ शब्दशः भाषांतराचा योगायोग नाही. राहूला तेज कुठलं? काळोखाच्या गोळ्यालाही सामावून घेणारा शब्द हवा होता, आणि धातू माहीत असलेल्या माणसाला तो सापडला. शून्यासाठी टिंब आणि ज्या-कोष्टकही (त्रिकोणमितीतल्या ‘साइन’चा तक्ता) याच पंचांगात आहे; गणिताचे इतिहासकार अनेकदा तेवढंच सांगून पुढे जातात.

‘काययुआन झानजिंग’ हा ग्रंथ पुढे शतकानुशतकं बेपत्ता होता. 1616 साली तो एका बुद्धमूर्तीच्या पोटात सापडला.