प्रश्न तुमचे: एका कर्नलमधून दुसऱ्या कर्नलमध्ये उडी

या वेळी केएक्झेकवर बरेच प्रश्न आले, म्हणून ते एकत्रच घेतले आहेत. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: बायॉस, यूईएफआय, बूटलोडर या सगळ्यांना बगल देऊन चालू लिनक्स कर्नलमधूनच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातूनच, थेट दुसरा कर्नल सुरू करण्याची ही सोय आहे. २००५ साली २.६.१३ या आवृत्तीपासून ती मुख्य लिनक्समध्ये आहे. उत्तरं ६४-बिट इंटेल-एएमडी यंत्रं धरून दिली आहेत. एक प्रश्न एआरएमचा आहे, तो वेगळा काढला आहे.

प्रश्न: नवा कर्नल ज्या पत्त्यावर जाऊन बसतो तिथे बहुतेक वेळा जुनाच कर्नल असतो. मग कॉपी करणारा कोड स्वतःलाच कसा पुसून टाकत नाही? (एक वाचक, नाशिक)

जागेवर राहिला असता तर पुसलाच गेला असता. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवायची तर आधी दुसऱ्या फांदीवर जायला हवं, आणि हा कोड नेमकं तेच करतो.

केएक्झेक आज्ञेला ‘-एल’ देऊन तुम्ही कर्नल चढवता तेव्हा तो त्याच्या खऱ्या पत्त्यावर जातच नाही. मेमरीची ४ केबीची जी पानं मोकळी सापडतील त्यांवर तो विखरून ठेवला जातो. त्याच वेळी एक नियंत्रण पान बाजूला काढलं जातं. ते निवडताना अट एकच: नव्या कर्नलच्या कुठल्याही तुकड्याच्या अंतिम जागेत हे पान येता कामा नये. रीलोकेट_कर्नल_६४.एस या फायलीतला कोड उचलून तिथे ठेवतात. म्हणून त्याला २०४८ बाइटांची मर्यादा आहे, आणि म्हणूनच त्यात पक्का पत्ता धरून लिहिलेली एकही उडी चालत नाही.

कुठलं पान कुठे न्यायचं याची यादी असते. पानाचा पत्ता ४०९६ च्या पटीत असल्यामुळे त्याचे खालचे १२ बिट रिकामे राहतात. त्यातल्या चार बिटांवर खुणा केलेल्या असतात: १ म्हणजे ‘इथे टाक’, २ म्हणजे ‘यादी पुढच्या पानावर’, ४ म्हणजे ‘संपलं’, ८ म्हणजे ‘हे उचल’. समजा, कर्नल १२ एमबीचा आहे आणि १६ एमबीच्या पत्त्यावर जायचा आहे. यादीत पहिली नोंद हेक्स १००००००मध्ये १ मिळवून, म्हणजे १०००००१. त्यापुढे उचलायच्या पानांच्या ३०७२ नोंदी, प्रत्येकीच्या शेवटी ८. यादीच्या एका पानावर ८ बाइटांच्या ५१२ नोंदी मावतात, पण शेवटची पुढच्या पानाच्या पत्त्यासाठी राखावी लागते. उरल्या ५११. म्हणजे १२ एमबीच्या कर्नलला यादीचं सातवं पान उघडावं लागतं.

असेंब्लीतला लूप अगदी भाबडा आहे. नोंद वाचायची, खूण तपासायची. १ असेल तर पत्ता प्रोसेसरच्या आरडीआय रजिस्टरमध्ये. ८ असेल तर पत्ता आरएसआयमध्ये, आरसीएक्समध्ये ५१२, आणि ‘रेप मूव्हएसक्यू’. त्या एका सूचनेने पान हलतं आणि आरडीआय आपोआप पुढच्या पानाच्या तोंडाशी येऊन थांबतो, त्यामुळे ‘इथे टाक’ ही नोंद दर तुकड्याला एकदाच लागते. एखादं पान अजून उचलायचं राहिलेल्या पानावर पडलं तर काय, ही काळजी लूपला नाही, कारण ती चढवतानाच सी कोडने वाहिलेली असते. मिळालेलं पान कुणाच्या तरी अंतिम जागेत येत असेल, तर ते त्याच जागेसाठी वापरतात किंवा तिथे जायच्या पानाशी त्याची अदलाबदल करतात.

खरी कसरत लूपच्या आधी आहे. सीआर३ या रजिस्टरमध्ये नवे पान-तक्ते (आभासी पत्त्यावरून भौतिक पत्ता सांगणारे तक्ते) भरले की त्याच क्षणापासून पत्त्यांचा अर्थ बदलतो. पण प्रोसेसर पुढची सूचना अजून जुन्याच आभासी पत्त्यावरून मागणार! म्हणून नव्या तक्त्यांत दोन सोयी केलेल्या असतात. सगळी मेमरी ‘आभासी पत्ता म्हणजेच भौतिक पत्ता’ अशी मांडलेली असते, आणि शिवाय या कोडचा जुना आभासी पत्ताही नियंत्रण पानाकडेच वळवलेला असतो. सीआर३ भरल्यापासून पुढची उडी मारेपर्यंत दुसरी सोय सांभाळून घेते. मग स्टॅक त्याच पानाच्या टोकाला नेतात, भौतिक पत्ता ‘पुश’ करून ‘रेट’ करतात, आणि कोड पहिल्या सोयीवर येतो.

या भागात हात घालणाऱ्यांनी तीन ठिकाणी जपावं. सीआर० मधला लेखन-संरक्षणाचा डब्ल्यूपी बिट उतरवण्याआधी सीआर४ मधला सीईटी (उड्या आणि परतीचे पत्ते यांचं संरक्षण करणारा) बिट उतरवा, नाहीतर प्रोसेसर तिथेच संरक्षण-दोष उठवतो. सीआर४ मधले पीएई आणि एलए५७ (पान-तक्त्यांची रचना ठरवणारे बिट) लाँग मोडमध्ये, म्हणजे ६४-बिट अवस्थेत, असताना बदलता येत नाहीत. बदलायला गेलात तर तोच दोष. आणि सीआर३ पुन्हा भरल्याने ‘ग्लोबल’ खुणेच्या नोंदी टीएलबीतून (पत्त्यांच्या भाषांतराच्या कॅशमधून) जात नाहीत, त्यासाठी सीआर४ मधला पीजीई बिट उतरवावा लागतो. तिसरी चूक सर्वांत खोडसाळ, कारण कोड दहापैकी नऊ वेळा चालतो.

प्रश्न: चढवलेला कर्नल सुरू करायला ‘-ई’ दिलं की स्क्रीन काळी होते आणि पुढे काहीच नाही. कुठे अडकलं ते कसं कळणार? (एक वाचक, पिंपरी)

आधी दुसऱ्या यंत्रावरून एसएसएच करून बघा. निम्म्या वेळा कर्नल छान चाललेला असतो. फक्त ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्या कार्डाला पुन्हा जागं करू शकलेला नसतो.

एसएसएच लागत नसेल तर सीरियल पोर्टला पर्याय नाही. यंत्राला नसेल तर हाच प्रयोग क्यूईएमयू या आभासी यंत्रात करा. वाट तीन टप्प्यांची आहे: जुन्या कर्नलची असेंब्ली, मग पर्गेटरी नावाचा मधला छोटा कोड, मग नव्या कर्नलची सुरुवात.

पर्गेटरीला बोलकं करण्यासाठी कर्नल चढवताना ‘--कन्सोल-सीरियल’ जोडा. ‘आय'म इन पर्गेटरी’ ही ओळ उमटली तर पहिला टप्पा पार झाला. त्यानंतर पर्गेटरी सगळ्या तुकड्यांचा एसएचए-२५६ ठसा पडताळते. तो जुळला नाही तर ती मुद्दाम कायमची गोल फिरत राहते, पुढे जातच नाही. ठसा न जुळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जुन्या कर्नलच्या काळातलं एखादं उपकरण अजूनही डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट) मेमरीत लिहितंय. केएक्झेकच्या वेळी लिनक्स पीसीआय उपकरणांचा बस-मास्टर (डीएमएची परवानगी देणारा) बिट उतरवतो, पण ड्रायव्हरची स्वतःची बंद करण्याची क्रिया नीट लिहिलेली नसेल तर उपकरण अर्धवट अवस्थेत पुढच्या कर्नलच्या गळ्यात पडतं. संशय असलेलं मॉड्यूल आधी हाताने काढून पुन्हा बघा.

पर्गेटरीनंतर शांतता असेल तर नव्या कर्नलच्या कमांड लाइनवर ‘अर्लीप्रिंटके=सीरियल,टीटीवायएस०,११५२००’ द्या.

आणि पर्गेटरीपर्यंतही पोचत नसेल तर असेंब्लीतच अक्षरं पेरायची. डीएक्समध्ये हेक्स ३एफ८ (पहिल्या सीरियल पोर्टचा पत्ता), एएलमध्ये रोमन ए, आणि ‘आउट’. तीन सूचना, स्टॅक लागत नाही, मेमरी लागत नाही, पान-तक्ते कुठल्याही अवस्थेत असोत, हे चालतं. सीआर३ च्या आधी ए, नंतर बी, लूपनंतर सी. सलग अक्षरं पाठवायची असतील तर हेक्स ३एफडी (त्याच पोर्टची स्थिती) वाचून ५ क्रमांकाचा बिट वर येईपर्यंत थांबा, नाहीतर मधली अक्षरं गळतात आणि तुम्ही चुकीच्या ओळीवर संशय घेत बसता. या तीन सूचनांत एएक्स आणि डीएक्स बिघडतात हेही लक्षात ठेवा: सुरुवातीला आरडीएक्समध्ये पुढच्या टप्प्याचा प्रवेश-पत्ता असतो, तो जपून ठेवा.

यंत्र थांबतं की स्वतःहून रीसेट होतं, यावरूनही बरंच कळतं. या टप्प्यात आयडीटीची (दोष उठला की कुठे जायचं ते सांगणाऱ्या तक्त्याची) मर्यादा शून्य केलेली असते. त्यामुळे कुठलाही दोष उठला की तो हाताळणारा कुणी नाही, त्यातून दुसरा, मग तिसरा, आणि यंत्र थेट बायॉसच्या लोगोवर. रीसेट झालं तर एखादी सूचना चुकली. गोठलं तर ठसा किंवा उपकरण. क्यूईएमयूला ‘-नो-रीबूट’ आणि ‘-डी इंट,सीपीयू_रीसेट’ दिलंत तर रीसेटच्या क्षणीची सगळी रजिस्टरं छापून मिळतात. आरआयपी (चालू सूचनेचा पत्ता) बघा, ओळ सापडते.

जाता जाता: नुसतं ‘-ई’ देऊ नका. ते शटडाउनच्या पायऱ्या न करताच उडी मारतं. ‘सिस्टमसीटीएल केएक्झेक’ सेवा थांबवून, फाइल सिस्टिमा उतरवून मग जातं.

प्रश्न: मी स्वतःचा छोटा कर्नल लिहिला आहे. तो केएक्झेकने चढवता येईल का? सुरू होताना रजिस्टरांत काय असेल? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

येईल, आणि दर वेळी पेन ड्राइव्ह बदलण्याचा त्रास वाचेल. सर्वांत सोपा मार्ग मल्टिबूटचा, म्हणजे बूटलोडर आणि कर्नल यांच्यातल्या ठरलेल्या कराराचा. फायलीच्या पहिल्या ८१९२ बाइटांत, ४ च्या पटीतल्या जागी तीन शब्द ठेवा: हेक्स १बीएडीबी००२, मग फ्लॅग, मग असा आकडा की तिन्हींची ३२ बिटांतली बेरीज शून्य यावी. सुरू होताना ईएएक्समध्ये हेक्स २बीएडीबी००२ मिळेल, ईबीएक्समध्ये माहितीच्या तक्त्याचा पत्ता. प्रोटेक्टेड मोड चालू, पेजिंग बंद.

ईएसपीवर (स्टॅकच्या पत्त्यावर) विसंबू नका, पहिल्याच ओळीत स्वतःचा स्टॅक लावा. सेगमेंट रजिस्टरं चालू दिसतात म्हणून जीडीटीही (सेगमेंटांचा तक्ता) शाबूत असेल असं समजू नका. सेगमेंट रजिस्टराला दिसणारा आणि न दिसणारा असे दोन भाग असतात. तक्त्यातून माहिती एकदाच, मूल्य भरताना, न दिसणाऱ्या भागात येते. त्यानंतर तक्ता पुसला तरी काम चालू राहतं. केएक्झेकचा कोड याचाच फायदा घेतो: सेगमेंट भरतो आणि मग जुनी जीडीटी निकामी करतो. तुम्ही स्वतःची जीडीटी न लावता डीएस पुन्हा भरलात की तिथेच कोसळाल.

लिनक्सच्याच बीझेडइमेज या कर्नल-फायलीसारखी रचना हवी असेल तर ६४-बिट प्रवेश चढवलेल्या भागाच्या सुरुवातीपासून हेक्स २०० बाइटांवर असतो आणि आरएसआयमध्ये बूट_पॅराम्सचा (बूटच्या माहितीच्या तक्त्याचा) पत्ता लागतो. पण रीलोकेट_कर्नल तर शेवटी सगळी सामान्य रजिस्टरं शून्य करून ‘रेट’ करतो. मग आरएसआय भरतं कोण? पर्गेटरी. ती मध्ये असण्याचं अर्धं कारण हेच.

व्हीजीएच्या हेक्स बी८००० पत्त्यावर लिहून काही दिसलं नाही तर कर्नल मेला असं समजू नका. जुन्या कर्नलने कार्ड ग्राफिक मोडमध्ये सोडलेलं असतं. बायॉसचे इंटरप्टही विसरा. मेमरीचा नकाशा तक्त्यातूनच घ्यायचा.

यूईएफआय यंत्रावर आणखी एक गाठ आहे. फर्मवेअरला आभासी पत्ते कळवणारी सेटव्हर्च्युअलॲड्रेसमॅप ही हाक बूटमागे एकदाच मारता येते, आणि ती जुन्या कर्नलने मारून झालेली असते. दुसऱ्या लिनक्सला ही मांडणी सेटअप_डेटातून पोचवतात. ती पोचली नाही तर एसीपीआयचे (यंत्राच्या हार्डवेअरचं वर्णन करणारे) तक्तेसुद्धा सापडेनासे होतात, आणि मग ‘एसीपीआय_आरएसडीपी=’ हाताने द्यावं लागतं.

प्रश्न: सिक्युअर बूट चालू केल्यापासून ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येतं. (एक वाचक, पणजी)

‘-एस’ जोडा. जुनी केएक्झेक_लोड ही हाक (सिस्टम कॉल) कुठलाही कोड निमूट चढवते, म्हणून लॉकडाउनमध्ये, म्हणजे सिक्युअर बूटसोबत लागणाऱ्या कर्नलच्या कडक अवस्थेत, ती बंद असते. ३.१७ पासून आलेली केएक्झेक_फाइल_लोड सही तपासून चढवते, ‘-एस’ तीच वापरतं. स्वतः बांधलेल्या कर्नलवर आधी सही करावी लागेल.

प्रश्न: रास्पबेरी पाय ४ वर ‘कान्ट केएक्झेक: सीपीयूज आर स्टक इन द कर्नल’ असा संदेश येऊन लोडच नाकारलं जातं. (एक वाचक, ठाणे)

दोष तुमचा नाही. पाय ४ चं फर्मवेअर बाकीचे तीन कोअर स्पिन-टेबल पद्धतीने जागे करतं: प्रत्येक कोअर ठरावीक पत्त्यावर डोळा लावून बसतो, तिथे पत्ता उमटला की उडी मारतो. उडी मारल्यावर त्याला परत फर्मवेअरकडे पाठवायची सोय या पद्धतीत नाही. म्हणजे ते कोअर जुन्या कर्नलच्या कोडमध्येच फिरत राहणार, आणि तुम्ही तोच कोड पुसायला निघालात. कर्नल नाही म्हणतो ते बरोबरच.

जुना कर्नल ‘एनआर_सीपीयूज=१’ देऊन सुरू करा. ‘मॅक्ससीपीयूज=१’ पुरत नाही, कारण तपासणी किती कोअर चालू आहेत हे न बघता किती शक्य आहेत ते बघते. मग चढवताना ‘--रीयूज-सीएमडीलाइन’ देऊ नका, नाहीतर नवा कर्नलही एकाच कोअरवर रांगेल. पाय ५ पीएससीआय (कोअर चालू-बंद करण्याची फर्मवेअरची ठरलेली पद्धत) वापरतो, तिथे ही अडचण नाही.

असेंब्ली वाचणार असाल तर एआरएमचा फरक ध्यानात घ्या: एआरएम-६४ कर्नलला एमएमयू (पत्त्यांचं भाषांतर करणारा भाग) बंद हवा असतो, एक्स० मध्ये डिव्हाइस ट्रीचा भौतिक पत्ता आणि एक्स१ ते एक्स३ शून्य. कॉपी केलेली पानं कॅशमधून मेमरीपर्यंत साफ केली नाहीत तर एमएमयू बंद होताच प्रोसेसर शिळा मजकूर वाचतो.

प्रश्न: कर्नल कोसळल्यावर केडंपही (कोसळलेल्या कर्नलची मेमरी जपून ठेवणारी सोय) हाच रस्ता वापरतो का? मग बिघडलेल्या कर्नलवर विश्वास कसा ठेवायचा? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

रस्ता तोच, पण कॉपीशिवाय. ‘क्रॅशकर्नल=२५६एम’ देऊन बूटच्या वेळी मेमरी राखतात आणि ‘-पी’ने दुसरा कर्नल आधीच तिथे, त्याच्या अंतिम जागी, बसवून ठेवतात. कोसळल्यावर उचलायचं पान एकही नसतं. उपकरणं बंद करण्याच्या फंदातही पडत नाहीत, कारण कोसळलेल्या कर्नलच्या ड्रायव्हरांना हाक मारणं म्हणजे पुन्हा त्याच खड्ड्यात पाय. चालू राहिलेला डीएमए जुन्या मेमरीत लिहितो, राखीव भागात नाही. सर्व्हरवर बसवल्यावर काम नसलेल्या वेळी ‘/प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर’मध्ये रोमन सी लिहून एकदा खरोखर पाडून बघा आणि ‘/प्रॉक/व्हीएमकोर’ (कोसळलेल्या कर्नलच्या मेमरीची प्रत) डिस्कवर उतरतं का ते तपासा. राखीव मेमरी अपुरी पडली तर दुसरा कर्नल सुरू होतो, पण इनिटआरडी (सुरुवातीची छोटी फाइल सिस्टिम) उलगडताना मेमरी संपून तोही पडतो.