दोन नेटवर्क कार्डं असलेल्या लिनक्स सर्व्हरवर सगळं आउटगोइंग ट्रॅफिक एकाच कार्डावरून का जातं?

तुम्ही लिहिलंय की ईथ० (पहिलं कार्ड) वर एका प्रोव्हायडरची लाइन, ईथ१ (दुसरं कार्ड) वर दुसऱ्याची, दोन्हीला गेटवे (बाहेर जाण्याचा राउटर) दिलाय, पण दुसऱ्या आयपीवर बाहेरून एसएसएच (रिमोट लॉगिन) केलं की टाइमआउट. कृपा करून फायरवॉल बंद करत बसू नका, ९० टक्के तरी हे राउटिंगचंच आहे असं मला वाटतं.

मुद्दा असा आहे की लिनक्स रिप्लाय पाठवताना पॅकेट कुठल्या कार्डावरून आलं होतं ते बघतच नाही, जायचंय कुठे एवढंच बघतो, आणि दोन डिफॉल्ट रूट (बाकी सगळीकडे जायचा ठरलेला रस्ता) असले तर कमी मेट्रिकवाला, म्हणजे ज्याचा पसंतीचा आकडा लहान तो, जिंकतो. म्हणजे दुसऱ्या लाइनचा आयपी घेऊन रिप्लाय पहिल्या लाइनवरून बाहेर पडतो आणि पहिला प्रोव्हायडर हा पत्ता आपला नाही म्हणून तो बहुतेक वेळा टाकून देतो.

अंदाज लावण्यापेक्षा कर्नललाच विचारा. समजा दुसरा आयपी १९८.५१.१००.२० आहे, तर "आयपी रूट गेट ८.८.८.८ फ्रॉम १९८.५१.१००.२०" चालवा, उत्तरात डेव्ह ईथ० आलं की रोग सापडला. मग टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) एनी इंटरफेसवर, म्हणजे सगळ्या कार्डांवर, लावून बाहेरून कनेक्ट करा. ईथ१ वर सिन (कनेक्शनची विनंती) आला आणि सिन-ॲक (तिचं उत्तर) ईथ० वरून गेला तर वर सांगितलं तेच. सिन आला पण उत्तर कुठूनच गेलं नाही तर आरपी फिल्टरवर (उत्तराचा रस्ता त्याच कार्डावरून जातो का ते तपासणारी कर्नलची सेटिंग) संशय घ्या, कारण ते १ असलं की कर्नल पॅकेट गुपचूप टाकतो, लॉगमध्ये सहसा काही येत नाही, आणि टीसीपीडम्पला मात्र ते दिसतं कारण तो त्याच्या आधी बघतो. एनस्टॅटमध्ये (कर्नलचे नेटवर्क काउंटर दाखवणारी कमांड) रिव्हर्सपाथफिल्टरचा काउंटर वाढतोय का बघा. व्हॅल्यू बघताना ऑल आणि ईथ१ दोन्ही बघा, त्यातली मोठी लागू होते, त्यामुळे फक्त ईथ१ ला ० करून काही होत नाही.

पण आरपी फिल्टर ० करून सोडून देणं मला अजिबात पटत नाही, रिप्लाय तरीही चुकीच्या लाइनवरूनच जाणार ना. खरा उपाय म्हणजे दुसऱ्या लाइनसाठी वेगळं राउटिंग टेबल, आणि त्या आयपीवरून निघणाऱ्या पॅकेटना ते वापरायला लावणारा रूल:

"आयपी रूट ॲड डिफॉल्ट व्हाया १९८.५१.१००.१ डेव्ह ईथ१ टेबल १००"
"आयपी रूल ॲड फ्रॉम १९८.५१.१००.२० टेबल १००"

ईथ१ चा लोकल सबनेटसुद्धा टेबल १०० मध्ये टाका, नाहीतर शेजारच्या मशीनचं ट्रॅफिकही गेटवेकडे जाईल. हे झालं की आरपी फिल्टर १ असलं तरी चालतं, कारण उलटा रूट शोधताना तोच रूल लागतो.

एक लक्षात घ्या, सर्व्हरवरून स्वतः सुरू होणारं कनेक्शन तरीही मेन टेबलनेच जाईल, कारण सोर्स आयपी तेव्हा ठरलेलाच नसतो. दुसऱ्या लाइनवरून पाठवायचं असेल तर ॲपला त्या आयपीवर बाइंड करावं लागतं, म्हणजे सोर्स म्हणून तोच आयपी वापरायला सांगावं लागतं. टेस्ट करतानाही पिंगच्या कॅपिटल आय (-I) ऑप्शनला कार्डाचं नाव न देता आयपी द्या, दोन्हीचा अर्थ वेगळा होतो.

रीबूटनंतर हे उडतं म्हणून नेटप्लॅनमध्ये राउटिंग-पॉलिसीखाली किंवा नेटवर्कमॅनेजरमध्ये राउटिंग-रूल्समध्ये कायमचं लिहा. तरी नाही चाललं तर "आयपी रूल" आणि "आयपी रूट शो टेबल ऑल" चा आउटपुट इथे टाका, खरे आयपी झाकून.