गाठ दिसेनाशी झाली, तरी शस्त्रक्रिया का?

प्रश्न : माझ्या पत्नीच्या (वय ४७) उजव्या स्तनात ४ सेंटिमीटरची ट्रिपल निगेटिव्ह (दोन हार्मोन आणि हर-२ यांचे तिन्ही ग्राहक नसलेली) कर्करोगाची गाठ होती, काखेत लागण नव्हती. केमोथेरपीनंतर एमआरआयमध्ये गाठ दिसत नाही. डॉक्टरांनी संगणकात माहिती भरून, रोग पूर्ण गेला असण्याची शक्यता ६० टक्के सांगितली. मग शस्त्रक्रिया कशाला? आणि करायचीच, तर संपूर्ण स्तन काढून मोकळे का होऊ नये?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ६० टक्के याचा अर्थ, अशा १०० स्त्रियांपैकी ४० जणींच्या स्तनात रोग शिल्लक असतो. आपल्या पत्नी त्यांपैकी कोणत्या गटात आहेत, हे तो आकडा सांगू शकत नाही. तळे आटल्यावर जागोजागी डबकी राहावीत, तशी केमोनंतर कर्कपेशींची लहान बेटे उरू शकतात आणि ती एमआरआयमध्ये दिसतीलच असे नाही. अमेरिकेतील एका अभ्यासात (२०२२) ५० पैकी ३१ स्त्रियांच्या केमोनंतरच्या बायप्सीत रोग आढळला नाही, म्हणून शस्त्रक्रिया टाळून त्यांना रेडिएशन दिले गेले. निष्कर्ष आशादायक असले तरी अभ्यास लहान आहे. त्यामुळे अशा संशोधन-अभ्यासांबाहेर शस्त्रक्रिया टाळू नये. शिवाय काढलेल्या भागात रोग आढळला, तर कॅपेसिटाबिनसारखे औषध पुढे द्यावे लागते. शस्त्रक्रियाच झाली नाही, तर ही गरज कळणार कशी?

संपूर्ण स्तन काढल्याने आयुष्य वाढतेच, हा समज मात्र सोडावा. योग्य रुग्णांमध्ये स्तन राखून केलेली शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांनी आयुर्मान तेवढेच राहते, हे २० वर्षांच्या पाठपुराव्यातून सिद्ध झाले आहे. स्तन राखल्यास रोग तिथेच उलटेल का, याचा अंदाज देणारा चार घटकांचा निर्देशांक ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्राने तयार केला आहे. काखेतील मोठी लागण, २ सेंटिमीटरहून मोठी उरलेली गाठ, विखुरलेला अवशेष आणि सूक्ष्म वाहिन्यांत शिरलेल्या कर्कपेशी हे ते घटक. गंमत अशी की, यांतील बहुतेक गोष्टींचा पक्का उलगडा शस्त्रक्रियेनंतरच होतो.

केमोपूर्वी गाठीत तिळाएवढी धातूची क्लिप बसवली होती का, हे आधी विचारावे. गाठ हाताला लागत नसताना सर्जनला नेमकी जागा दाखवणारी तीच खूण असते. मूळ ४ सेंटिमीटरचा सगळा भाग काढावा लागतोच असे नाही. क्लिप काढलेल्या तुकड्यात आली का, हे एक्स-रेवर पाहतात आणि रोग कडेपर्यंत पोहोचला आहे का, हे पॅथॉलॉजिस्ट कडांना शाई लावून तपासतात.

या वयातील ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगात बीआरसीए (आनुवंशिक धोका दाखवणाऱ्या जनुकांची) चाचणी करायला हवी. ती झाली नसेल, तर नमुना आताच द्यावा. त्यात दोष आढळला, तर दुसऱ्या स्तनाचा आणि बीजकोशांचाही विचार करावा लागतो. संपूर्ण स्तन काढण्याचा आपला प्रश्न तेव्हा खरोखर विचारात घेण्याजोगा ठरेल.