मेसेजमधली बिटलीची लिंक न उघडता ती कुठे नेते हे कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय की 'तुमच्या गाडीचं चलान बाकी आहे, आजच भरा' अशा मेसेजखाली बिट डॉट एलवायची, म्हणजे बिटली या लिंक छोटी करून देणाऱ्या सेवेची, छोटी लिंक आली आहे, तर ती न दाबता खरी-खोटी कशी ओळखायची.

आधी लिंक कॉपी कशी करता ते महत्त्वाचं. बोट थेट लिंकवर नको, मेसेजच्या कोऱ्या भागावर दाबून धरा, अख्खा मेसेज कॉपी करा आणि नोट्समध्ये पेस्ट करा. आयफोनवर लिंकच दाबून धरली तर झलक दाखवण्यासाठी ते पान मागे लोड होऊ शकतं, म्हणजे जे टाळायचं तेच होतं. अँड्रॉइडवर क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत बोट ठेवलं की 'तुम्ही कॉपी केलेली लिंक' अशी सूचना येते. तिला हात लावलात तर लिंक सरळ उघडते. म्हणूनच आधी नोट्समध्ये पेस्ट करायचं.

आता लिंकच्या शेवटी, मधे जागा न सोडता, अधिकचं चिन्ह (+) लावा आणि मग ती ब्राउझरमध्ये टाका. बिटली तुम्हाला पुढे न ढकलता मूळ लांब पत्ता दाखवते. टायनीयूआरएल या दुसऱ्या अशाच सेवेची लिंक असेल तर पत्त्याच्या सुरुवातीला 'प्रिव्ह्यू' आणि टिंब लावायचं. इज डॉट जीडी या तिसऱ्या सेवेच्या लिंकला शेवटी आडवी रेघ (-). लिंक हाताने टाइप करत असाल तर लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी ठेवा, एक कॅपिटल चुकलं तर भलतंच पान निघतं.

लॅपटॉप असेल तर मला कर्ल जास्त आवडतं, म्हणजे पान न उघडता पत्त्याचं नुसतं उत्तर दाखवणारी आज्ञा. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) कर्ल, मग डॅश आणि कॅपिटल आय, मग अवतरणात लिंक. उत्तरात ३०१ किंवा ३०२ आकडा (म्हणजे 'पुढे पाठवतोय') आणि खाली 'लोकेशन'ची ओळ येते. तिथे लिहिलेला पत्ता हाच पुढचा मुक्काम. पुढचा म्हटलं, शेवटचा नाही. फसवणारे एका छोट्या लिंकमागे दुसरी लपवतात. तीही छोटीच निघाली तर पुन्हा तेच करा. आकडा २०० (म्हणजे 'पान इथेच आहे') आला तर पुढची उडी पानातल्या स्क्रिप्टने मारली जात असू शकते, आणि ती कर्लला दिसत नाही.

व्हायरसटोटल किंवा यूआरएलस्कॅन या लिंक तपासून देणाऱ्या संकेतस्थळांवर लिंक टाकता येते, पण तिथला हिरवा निकाल डोळे झाकून मानू नका. बरीच फसवी पानं मोबाइलवरून आणि भारतातून आलेल्यालाच खरा चेहरा दाखवतात. परदेशातल्या तपासनीस यंत्राला साधं रिकामं पान. लाल निकाल आला तर मात्र विषय संपला. आणि पासवर्ड बदलण्याची किंवा तुमच्या खात्याची खासगी लिंक तिथे टाकू नका, कारण असे तपास इतरांनाही दिसू शकतात.

पत्ता मिळाला की तो उलटा वाचा. '//' नंतर जी पहिली तिरकी रेघ येते तिच्या लगेच डावीकडे काय आहे? 'महाट्रॅफिकईचलान.जीओव्ही.इन' इथेच संपत असेल तर ते महाराष्ट्राच्या वाहतूक चलानचं सरकारी संकेतस्थळ. पण 'महाट्रॅफिकईचलान.जीओव्ही.इन.काहीतरी.टॉप' असेल तर मालक 'काहीतरी.टॉप', आधीचं सगळं नुसतं सोंग. त्या रेघेच्या आधी @ दिसलं तर त्याच्या डावीकडचं सगळं सोडून द्या, खरा पत्ता उजवीकडे असतो. शेवटी '.एपीके' असेल तर पुढे काही तपासायची गरजच नाही, ते फोनमध्ये घुसायचं ॲप आहे. कुलुपाचं चिन्ह बघून हायसं वाटून घेऊ नका; मधल्या वाटेत कोणी वाचत नाही एवढंच ते सांगतं, पलीकडे चोर बसलाय का ते नाही. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं होतं, त्यामुळे बँकेच्या नावाने वेगळी शेपटी दिसली तर थांबा.

तुमच्या या मेसेजसाठी मात्र एवढा खटाटोप मी करणारच नाही. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करायचा, गाडीचा नंबर घालायचा आणि चलान आहे का बघायचं. लिंक खरी निघाली तरी भरणा तिथूनच.

दाबून झालीच असेल तर नुसतं पान उघडल्याने सहसा पैसे जात नाहीत. कार्डाचे आकडे, ओटीपी दिलेत किंवा ॲप बसवलंत तर जातात. ॲप बसवलं असेल तर आधी विमान मोड, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून खातं आणि यूपीआय थांबवा, आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. तक्रार जितकी लवकर पोचेल तितकी पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त.