ड्रॅगन बोट सणाला चिनी घरांत नेमकं काय करतात? शाकाहारी झोंगझी घरी करता येतात का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी चीनमध्ये आलात, होड्यांच्या शर्यतीचं सगळे सांगतात, पण घरात काय करतात ते कोणी सांगत नाही. आणि झोंगझी, म्हणजे या सणाला करतात ते पानात गुंडाळून उकडलेले चिकट तांदूळ, शाकाहारी होतील का, हेही विचारलंय. होतात, आणि उत्तम होतात. पण आधी सण.

चिनी नाव दुआनवू. पाचव्या चांद्र महिन्याची पाचवी तिथी. आपली बहुधा ज्येष्ठ शुद्ध पंचमी किंवा तिच्या आसपासचा दिवस. अधिक मास दोन्ही पंचांगांत वेगवेगळ्या जागी पडला की महिना पुढेमागे होतो. २०२५ मध्ये ३१ मे, २०२६ मध्ये १९ जून. छू राज्याचा कवी छू युआन याने मीलुओ नदीत जीव दिला, लोक होड्या घेऊन धावले, ही कथा सगळीकडे ऐकाल. सूचौ शहरात मात्र हाच दिवस जुन्या वू राज्याचा मंत्री वू त्सशू याचा मानतात. माझ्या मते सण समजून घ्यायचा तर कथेपेक्षा ऋतूकडे बघावं. पाचवा महिना जुन्या समजुतीप्रमाणे 'वाईट महिना': उकाडा, दमटपणा, साथीचे रोग. साप, विंचू, गोम, बेडूक आणि पाल (काही ठिकाणी पालीऐवजी कोळी) हे 'पाच विषारी' बाहेर पडतात. घरातल्या जवळजवळ सगळ्या प्रथा त्यांना दूर ठेवण्यासाठी आहेत.

सकाळी बाजारात हिरव्या जुड्या दिसतील. त्यात दोन वनस्पती असतात. एक आपल्या दवण्याच्या कुळातली, चिनी नाव आय-त्साओ. दुसरी लांब पात्याची, म्हणजे चक्क आपलं वेखंड. वेखंडाचं पान तलवारीसारखं, म्हणून ते वाईटाला कापतं असं मानतात. जुडी लाल दोऱ्याने बांधून दाराच्या चौकटीला लावायची आणि तशीच वाळू द्यायची. बरेच जण वाळलेला आय-त्साओ पुढे पाय शेकायच्या पाण्यात घालतात.

मुलांच्या मनगटाला पाच रंगांचा दोरा बांधतात: हिरवा किंवा निळा, लाल, पिवळा, पांढरा, काळा. बहुतेक ठिकाणी मुलाच्या डाव्या हाताला, मुलीच्या उजव्या. सणानंतरच्या पहिल्या पावसात तो काढून वाहत्या पाण्यात सोडायचा. गळ्यात सुगंधी औषधी भरलेली छोटी पिशवी असते. मनशीळ घातलेल्या दारूने मुलांच्या कपाळावर 'राजा' अर्थाचं चिनी अक्षर काढायची जुनी रीत आहे. ही दारू कोणी प्यायला दिली तर नम्रपणे नाही म्हणा. मनशीळ आर्सेनिकचं खनिज आहे, आणि तापवलं तर त्याचा सोमल होतो.

आता झोंगझी. यातला झ 'जरा'मधल्या ज सारखा म्हटलात तर चिनी माणसाला लगेच कळेल. चिकट तांदूळ बांबूच्या पानात गुंडाळून उकडलेला हा पदार्थ. दक्षिणेत डुकराचं मांस, खारवलेल्या अंड्याचा बलक. उत्तरेत लाल बोरं किंवा नुसता तांदूळ. या बोरांना मराठीत सर्रास खजूर म्हणतात, ते चूक आहे. ती आपल्या बोराची भावंडं आहेत. शाकाहारी माणसाने बीजिंगकडचा बोरांचा प्रकार धरावा. चवळीसारख्या लाल कडधान्याचं म्हणून मिळणारं गोड पुरण दिसायला निर्धोक, पण पारंपरिक कृतीत त्यात डुकराची चरबी घालतात. दुकानात सगळे प्रकार एकाच पातेल्यात उकळत असतील तर तेही विचारून घ्या.

साधारण १४ नगांसाठी ५०० ग्रॅम चिकट तांदूळ, २८ बोरं, आणि ३५ पानं. दोन-दोन लागतात, काही फाटतात. वाळकी पानं रात्रभर भिजवून ५-७ मिनिटं उकळा, दोन्ही बाजू पुसा, देठाकडचं कडक टोक कापा. न उकळलेलं पान दुमडताना चिरतं. उकळल्यावर पान मळकट हिरवं व्हायलाच हवं. भडक हिरवं राहिलं तर रंग टिकवायला तांब्याचा क्षार वापरल्याची शंका घ्यावी. तांदूळ किमान चार तास भिजवा, उकाड्यात मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर आंबूस वास येतो.

सगळी खरी मेख बांधण्यात आहे. दोन पानं थोडी एकमेकांवर ठेवा, गुळगुळीत बाजू आत, आणि चण्याच्या पुड्यासारखा कोन करा. टोकाला सुईएवढंही भोक नको. तांदूळ तिथूनच निसटतो. तळाशी एक बोर, वर तांदूळ, पुन्हा बोर, पुन्हा तांदूळ. कोन काठोकाठ भरू नका, बोटभर जागा सोडा. उरलेलं पान झाकणासारखं वरून खाली आणा, दोन्ही कडा दाबा, शेपूट एका बाजूला वळवा आणि सुती दोऱ्याने बांधा. फार आवळलं तर तांदळाला फुगायला जागा उरत नाही, मधे दाणा कच्चा राहतो. सैल राहिलं तर पाणी शिरून खिमट होतं. पहिले तीन-चार बिघडणारच, ते धरूनच तांदूळ घ्या.

पातेल्यात घट्ट रचून वर जड ताटली ठेवा, म्हणजे तरंगणार नाहीत. पाणी दोन बोटं वर हवं. उकळी आल्यावर मंद आचेवर दोन तास. पाणी कमी झालं तर उकळतंच घाला, गार पाण्याने शिजणं थांबून दाणा टणक राहतो. आच बंद करून तासभर त्याच पाण्यात राहू द्या. ही पायरी गाळली तर चिकटपणा नीट येत नाही. कुकरमध्ये ४०-४५ मिनिटं पुरतात, वाफ आपोआप जाऊ द्या.

साखरेत बुडवून खातात. पचायला जड, एका वेळी एक-दोन पुरे. फ्रिजमध्ये ठेवले की भात दगडासारखा होतो, तेव्हा पानासकट १५ मिनिटं वाफवून घ्या. फ्रीझरमधले असतील तर वितळू न देता थेट उकळत्या पाण्यात टाका.