धुळ्याजवळ माझं बारा एकर शेत आहे. ड्रोनला मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र) लावून सर्व्हे केला तर शेतातलं पाणी सापडतं का?

थेट पाणी सापडत नाही. धुळ्याजवळच्या तुमच्या बारा एकरांत ड्रोन उडवून 'विहिरीचा पॉइंट' काढून देतो असं कुणी म्हणत असेल, तर त्याला आधी विचारा की यंत्र नेमकं काय मोजतं. मी भूभौतिकी शिकलोय आणि असे सर्व्हे करतो. मॅग्नेटोमीटरला पाणी कळत नाही, दगडातलं मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकीय लोहखनिज, कळतं. त्यावरून पाण्याचा अंदाज आपण बांधायचा.

तुमच्याकडे कामाचा दगड म्हणजे डाइक. धुळे-नंदुरबार पट्ट्यात बसाल्टच्या (आपल्या काळ्या दगडाच्या) थरांना चिरत वर आलेल्या लाव्ह्याच्या या उभ्या भिंती साधारण पूर्व-पश्चिम पसरल्यात. काही जेमतेम तीन मीटर रुंद, तर काही पन्नासाच्या पुढे. अखंड डाइक जमिनीखालचं पाणी बांधासारखं अडवतो, चिरफळलेला असेल तर स्वतःच पाणी धरतो. यातला कुठला तुमच्या वाट्याला आलाय, हे मॅग्नेटिक नकाशा सांगत नाही.

आता ड्रोनचं. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ४३-४४ हजार नॅनोटेस्ला (हे क्षेत्र मोजायचं एकक) असतं आणि आपण त्यातले शे-दोनशेचे चढउतार शोधत असतो. ड्रोनच्या मोटरींत मात्र चुंबकच बसवलेले, वर बॅटरीतून जाणारा जोरदार करंट. पहिल्या खेपेला मी सेन्सर ड्रोनच्या पायांनाच बांधला होता. ड्रोन वळला की आकडा उडी मारायचा, आणि नकाशावर डाइकऐवजी माझ्याच फेऱ्यांचे पट्टे उमटले! तेव्हापासून सेन्सर तीन-चार मीटर दोरीला टांगतो. तो झोके घेतो, वाऱ्यात काम थांबवावं लागतं, पण आकडे खरे येतात.

करंटमुळे मोजणी बिघडायचं हे दुखणं जुनंच आहे. मुंबईत विजेवरच्या ट्रॅम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला न्यावी लागली होती. आमची चार मीटर दोरी म्हणजे तेच स्थलांतर, छोट्या मापात.

दुसरी गोष्ट, क्षेत्र दिवसभरही हलतं. दुपारपर्यंत चाळीस-पन्नास नॅनोटेस्लाचा फरक सहज पडतो. म्हणून जवळच एक यंत्र जमिनीवर एका जागी ठेवायचं आणि त्याची नोंद ड्रोनच्या नोंदीतून वजा करायची. हे बेस स्टेशन जो लावत नाही, त्याला काम देऊ नका. डाइक पूर्व-पश्चिम असल्यामुळे उड्डाणाच्या रेषा उत्तर-दक्षिण हव्यात, हेही बघा. नकाशात डाइकवर आकडा वाढलेलाच दिसेल असं नाही. डाइकचा लाव्हा थंड झाला तेव्हा पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आजच्या उलट दिशेचं असेल तर तो खड्ड्यासारखाही दिसतो, आणि भोवतीचा बसाल्ट स्वतः चुंबकीय असल्यानं गोंधळात भर पडते.

पैसे घालावेत का? बारा एकरांसाठी मी नाही घालणार. खानदेशात डाइक टणक असल्यानं बऱ्याच ठिकाणी काळ्या दगडांची लांबलचक धार होऊन वर उठलेले दिसतात. आधी उपग्रह नकाशावर आणि बांधाबांधानं फिरून बघा. ड्रोनची खरी मजा तापीकाठच्या गाळात, जिथे डाइक पुरलेला असतो. शिवाय उभ्या कपाशीतून यंत्र पाठीवर घेऊन हिंडलं की शेतकरी चिडतो, ते वाचतं. चार-पाच गावांनी मिळून केलं तर परवडेल. तुम्ही एकटे असाल तर त्या पैशात रेझिस्टिव्हिटीचे दोन-तीन साउंडिंग घ्या, म्हणजे जमिनीत करंट सोडून खालचे थर त्याला किती अडवतात ते मोजून घ्या. तेही पाणी 'दाखवत' नाही, पण ओला, चिरफळलेला थर किती खोल आहे याचा अंदाज देतं. पाणाड्याच्या नारळापेक्षा बरं.

तरीही ड्रोनच आणणार असाल तर ड्रोन पायलटचं प्रमाणपत्र मागून बघा, आणि त्या सकाळी विहिरीवरची मोटर बंद ठेवून ट्रॅक्टर घरी लावा. शेतावरून विजेची लाइन जात असेल तर तेवढा पट्टा सोडून द्यावा लागेल.