एसक्यूएल सर्व्हरवर जुन्या डेटाबेसचं नाव बदललं, तरी त्याच्या आधीच्या नावाचा नवा डेटाबेस का बनत नाही, ‘आधीच आहे’ असा एरर का येतो? जुना ड्रॉप करू (म्हणजे पुसून टाकू) का?

ड्रॉप करा असं ज्याने सुचवलं, त्याला आधी बॅकअप कुठे आहे ते विचारा. समजा ‘सेल्स’चं ‘सेल्स_जुना’ केलंत, तर फक्त पाटी बदलली. आतला डेटा तोच आहे. ड्रॉप केलात तर एरर जाईल, डेटाही जाईल.

एररचा नंबर तुम्ही लिहिलेला नाही आणि खरी गोम तिथेच आहे. एसक्यूएल सर्व्हरवर १८०१ आला तर त्या नावाचा डेटाबेस खरोखर आहे. तो ऑफलाइन असू शकतो, किंवा मॅनेजमेंट स्टुडिओ या सर्व्हर सांभाळायच्या प्रोग्राममधली यादी रिफ्रेश झालेली नसते. सर्व्हरच्या सिस.डेटाबेसेस या यादीत नाव आणि स्टेट_डेस्क (डेटाबेसची स्थिती) बघा, विषय संपला. पण नाव बदलल्यानंतर सहसा येतो तो ५१७०, आणि त्याच्या जोडीला १८०२. त्याची तक्रार फाइलबद्दल असते. लोक ‘आधीच आहे’ एवढंच वाचतात आणि नावाच्या मागे लागतात.

डेटाबेसचं नाव बदलणाऱ्या अल्टर डेटाबेस, मॉडिफाय नेम या कमांडने डिस्कवरच्या फाइलचं नाव बदलत नाही, लॉजिकल नावही (सर्व्हरच्या आत फाइलला असलेलं नाव) नाही. ‘सेल्स_जुना’ आजही सेल्स.एमडीएफ (डेटाची) आणि सेल्स_लॉग.एलडीएफ (लॉगची) याच फाइल वापरतोय. नव्या ‘सेल्स’ला तुम्ही पाथ दिला नाहीत, तर सर्व्हर डिफॉल्ट फोल्डरमध्ये नेमकी हीच दोन नावं बनवायला जातो आणि अडतो. सर्व्हरच्या सिस.मास्टर_फाइल्स या यादीत फिजिकल_नेम बघा, कुठली फाइल कुणाची ते लगेच कळेल.

सोपा उपाय म्हणजे नव्याला वेगळ्या फाइल द्या. न्यू डेटाबेसच्या खिडकीत खालचा तक्ता उजवीकडे शेवटपर्यंत सरकवा. पाथच्या पुढे फाइल नेमचा रकाना आहे, तो बहुतेकांना कधी दिसतच नाही. तिथे सेल्स_नवा.एमडीएफ लिहा आणि लॉगच्या ओळीतही वेगळं नाव द्या. लॉजिकल नाव तेच राहिलं तरी चालतं, ते फक्त एका डेटाबेसच्या आत वेगळं असावं लागतं.

नीट निस्तरायचं असेल तर जुन्याच्या फाइलचं नाव बदला: प्रत्येक फाइलसाठी मॉडिफाय फाइलमध्ये नवा पाथ द्या, डेटाबेस सेट ऑफलाइन करा, विंडोजमध्ये दोन्ही फाइल रिनेम करा, मग सेट ऑनलाइन. तेवढा वेळ तो डेटाबेस बंद राहील.

फोल्डरमध्ये जाऊन एमडीएफ उडवू नका. डेटाबेस चालू असताना विंडोज ती उडवू देत नाही, म्हणून कुणीतरी शहाणा तो ऑफलाइन करतो, आणि मग विंडोज बिनबोभाट उडवू देतं. मास्टर_फाइल्समध्ये नोंद नाही पण फाइल पडलेली आहे, असंही होतं. डेटाबेस डिटॅच केला (सर्व्हरपासून सोडवला) किंवा ऑफलाइन असताना ड्रॉप केला, तर फाइल डिस्कवर तशाच राहतात. त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. उद्या कुणी मागितल्याच तर अटॅच करता येतील.

आणि हो, इन्स्टॉलर स्क्रिप्टची पहिलीच ओळ ‘असेल तर ड्रॉप कर’ अशी लिहिणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. ‘रिकाम्या सर्व्हरसाठीच आहे’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सर्व्हर रिकामा असेल तर ती ओळ हवीच कशाला? मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांचं ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ (नसेल तरच बनव) सभ्य दिसतं, पण तेही तितकंच घातक. डेटाबेस आधीच असेल तर नुसती एक नोट येते, स्क्रिप्ट पुढे चालू राहते आणि तुमची टेबलं दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसतात. नाव आधीच घेतलेलं असेल तर स्क्रिप्टने तिथल्या तिथे थांबावं.

बॅकअपमधून नव्या नावाने रिस्टोअर करताना हाच घोळ १८३४ नंबरने येतो. तिथे रिस्टोअर कमांडमध्ये विथ मूव्ह देऊन प्रत्येक फाइलला नवा पाथ द्या, आणि रिप्लेसला (जुन्यावर लिहिणाऱ्या पर्यायाला) हात लावू नका. हे सगळं स्वतःच्या सर्व्हरपुरतं आहे. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या अझ्युर एसक्यूएल डेटाबेसवर फाइलचे पाथ तुमच्या हातात नसतात, तिथे ५१७०चा प्रश्नच येत नाही.